आजीचं एक मत, माझी दोन

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज ना कुठलं ॲप, ना कुठलं गॅजेट. आज मी तुम्हाला एका लायब्ररीत नेणार आहे, कारण माझ्या आजीने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं.

सुरुवात घरापासून करतो. माझं गाव कुंभवली. बोईसर स्टेशनला उतरायचं, रिक्षा पकडायची, एका बाजूला तारापूर एमआयडीसीच्या चिमण्या दिसायला लागल्या की समजायचं, आलं आपलं गाव. तर २० मे २०२४. पालघर लोकसभेचं मतदान. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटेल. मी आजीला घेऊन शाळेतल्या केंद्रावर गेलो. आजी ऐंशीच्या पुढची. शाळेचं तोंड तिने मतदानापुरतंच पाहिलंय. रांगेत उभी राहिली, मत दिलं, बोटाची शाई चार जणींना दाखवली, घरी आली.

घरी येऊन मी फोन बघत होतो. ऑफिसच्या ग्रुपवर एकाने टाकलं होतं, "मतदानाला किमान बारावी पासची अट पाहिजे. गाडी चालवायला लायसन्स लागतं, मग सरकार निवडायला काहीच नको?" मी त्याला अंगठा दिला. एवढंच नाही, शहाणपणा करून घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

आजी भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे माझं मत नको?"

मी म्हटलं, "तुझ्याबद्दल नाही गं आजी."

"मग कोणाबद्दल?"

मंडळी, मी इंजिनीअर आहे. कोड फुटला की का फुटला ते शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही. या प्रश्नावर माझा कोड फुटला, आणि मी तो तसाच टाकून चहा प्यायला गेलो.

पुढची गोष्ट महिनाभरानंतरची. २६ जूनला मी पुन्हा मतदान केलं. कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक होती. आदल्या वर्षी गावात कोणीतरी फॉर्म भरून घेतला होता, नाव लागलं होतं. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केचपेन देतात, त्याने उमेदवारासमोर पसंतीचा आकडा लिहायचा. मजा वाटली. घरी आल्यावर आजीने विचारलं, "आत्ता महिन्यापूर्वी दिलं ना मत? परत कसलं?" मी म्हटलं, "हे शिकलेल्यांचं वेगळं असतं." ती काही बोलली नाही. पण आधीच्या प्रश्नाला आता जोडीदार मिळाला.

माझी एक मैत्रीण मुंबई विद्यापीठात इतिहासात एमए करते. तिला हे सगळं सांगितलं. वाटलं, एखादा व्हिडिओ पाठवेल. ती म्हणाली, "शनिवारी ये. लायब्ररीत बसू. पण आधी परवानगीचं बघावं लागेल, बाहेरचा आहेस तू."

ऑगस्टचा शनिवार, धो धो पाऊस, डहाणूहून येणारी चर्चगेट लोकल. बोईसरकरांना सांगायला नको, अर्धं आयुष्य त्या गाडीत जातं. फोर्टला राजाबाई टॉवर आहे ना, त्याच्या खालीच विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. बाहेरून मी शंभर वेळा पाहिला असेन. आत गेलो तेव्हा रंगीत काचांच्या खिडक्या, उंच छत, लाकडी टेबलं, आणि एवढी शांतता की माझ्या ओल्या बुटांचा आवाज मलाच नकोसा झाला.

पहिला धडा लगेच मिळाला. जुने सरकारी खंड शोधायचे तर तिथे सर्च बॉक्स नाही. मागची सूची बघायची, आणि त्या काळचा शब्द माहीत असला तरच काही सापडतं. मी "व्होटर" शोधत होतो. मैत्रीण म्हणाली, "तेव्हाचे कागद 'इलेक्टर' म्हणतात. आणि मताचा हक्क शोधायचा तर 'फ्रँचाइज' बघ." फ्रँचाइज म्हणजे माझ्या डोक्यात वडापावची फ्रँचायझी! पण हसू नका, शब्द बदलला आणि दारं उघडायला लागली.

पहिलं दार १९१९ च्या कायद्याचं. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, शाळेत पाठ केलेलं नाव. त्याखाली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात ८६ जागा निवडणुकीने भरायच्या ठरल्या. आणि मत कोणाला? तो नियम मी वाचला तर तो सरळ आपला इफ-एल्स निघाला. गावात राहतोस? मग बहुतेक जिल्ह्यांत किमान ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन दाखव. रत्नागिरी, पंचमहाल अशा काही ठिकाणी १६ रुपये चालतील. ती नाही? इन्कम टॅक्स भरतोस का? तोही नाही? फौजेतून निवृत्त झालायस का? नाही? मग घरी जा. या चाळणीतून देशभरात जेमतेम तीन टक्के लोक खाली आले.

मी वहीत आमच्या घराचा टेस्ट केस लावला. पणजोबा, म्हणजे आजीचे सासरे: भाताची खाचरं नावापुरती, बाकी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. नापास. पणजी: तिच्या नावावर गळ्यातल्या पोतीशिवाय काही नाही. नापास. आजी तेव्हा असती तर नापास.

मग गंमत म्हणून माझंच नाव टाकलं. मी इन्कम टॅक्स भरतो. पास! आणि खालच्या ओळीवर बोट थांबलं. मुंबई विद्यापीठाला स्वतःची एक जागा होती. विद्यापीठाच्या सिनेटचे सदस्य आणि सात वर्षं जुने झालेले पदवीधर, यांनी मिळून एक आमदार पाठवायचा. १९२७ मध्ये कन्हैयालाल मुनशी याच जागेवरून निवडून गेले होते. माझं बीटेक २०१९ चं. म्हणजे त्या नियमाने अजून दोन वर्षं थांबलो असतो तर मला दुसरं मतही मिळालं असतं.

अख्ख्या घरात मी एकटा पास, तोही डबल. आणि ज्या इमारतीत बसून मी हे वाचत होतो, ते विद्यापीठच त्या दुसऱ्या मताचं तिकीट होतं. त्या क्षणी ऑफिसच्या ग्रुपवरचा तो मेसेज आठवला. बारावी पासची अट. नवी आयडिया कसली, आपण ती शंभर वर्षांपूर्वी वापरून पाहिलेली होती.

बायकांचं काय झालं तेही सांगतो. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना मत दिलं नाही, प्रांतांनी आपापलं ठरवावं असं म्हणून विषय ढकलला. मद्रासने १९२१ मध्ये दार उघडलं आणि त्याच वर्षी मुंबईनेही. पण अट पुरुषांचीच. जमीन दाखव, कर दाखव. जमीन किती बायकांच्या नावावर असणार? पुढे १९३५ च्या कायद्यात जोड दिली: लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रीला मत, आणि नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल तर त्याच्या बायकोलाही. म्हणजे मत तिचं, पण पात्रता नवऱ्याची. तरीही सगळे मिळून मतदार झाले देशभरात साधारण तीन-साडेतीन कोटी. बाकीचे बाहेरच.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. २७ जानेवारी १९१९, मुंबई. मताचा हक्क कोणाला द्यायचा हे ठरवायला साउथबरो समिती आली होती. तिच्यासमोर साक्ष द्यायला सिडनहॅम कॉलेजचा एक प्राध्यापक उभा राहिला. वय २७. म्हणजे आपल्याच वयाचा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची ती साक्ष महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे, कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळेल. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. तुम्ही मालमत्तेची पट्टी लावता, पण ज्यांना मालमत्ता जमवायचे रस्तेच समाजाने बंद केलेत, त्यांना ती पट्टी लावून काय मोजणार? अस्पृश्यांसाठी ही अट शक्य तितकी खाली आणा.

लक्षात घ्या, तेव्हा ते अट खाली आणा म्हणत होते. नऊ वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात सायमन कमिशनसमोर त्यांनी साक्ष दिली तेव्हा मागणी होती सरसकट प्रौढ मताधिकाराची. पुरुष असो, बाई असो, २१ वर्षं पूर्ण झाली की मत. आणि मे १९२९ च्या त्यांच्या अहवालात तर माझ्या ऑफिसच्या ग्रुपला थेट उत्तर आहे. ते म्हणतात, साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात. एक, निरक्षर माणसाला अक्कल नसते असं धरून चालतात. दुसरी, वाचता येतं म्हणजे अक्कल जास्त असंही धरून चालतात. आणि लोक निरक्षर राहिले तो दोष कोणाचा? ज्यांनी शाळेचं दार बंद ठेवलं, त्यांनीच दाखला मागायचा?

मी वाचता वाचता थांबलो. आजी शाळेत का गेली नाही, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन विचारलं. म्हणाली, "धाकटी तीन भावंडं होती. त्यांना कोण बघणार?" विषय संपला. तिच्यासाठी.

मैत्रीण म्हणाली, मुंबईचंच काय वाचतोस, तुझ्या घराशेजारचं बघ. आणि तिने समोर ठेवलं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. आपल्यापासून तासा-दीड तासावर असलेल्या डहाणू-तलासरी भागातली ही गोष्ट. तिथले वारली जमीनदाराकडे वेठीला राबायचे. वेठ म्हणजे फुकट काम, नाही म्हणायची सोय नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मग तलासरीजवळ झरीला सभा झाली आणि वेठ बंद करायचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. यातल्या बहुतेकांना मत कुठलं? ३२ रुपयांचा शेतसारा सोडा, स्वतःचा दिवसही त्यांच्या मालकीचा नव्हता.

आता फक्त बारा वर्षं पुढे या. १९५७. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात. ठाणे लोकसभा मतदारसंघातून दोन खासदार जायचे, एक सर्वसाधारण जागेवर, एक आदिवासींसाठी राखीव जागेवर. त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मतं. निवडून कोण आलं? वारल्यांच्या लढ्यात गोदावरीबाईंच्या बरोबरीने उभे राहिलेले शामराव परुळेकर, आणि राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा. ज्यांना 'नाही' म्हणायची मुभा नव्हती, त्यांनी बारा वर्षांत दिल्लीला माणसं पाठवली.

आणि एक बघा, पणजीलाही तेव्हा दोन मतं होती. पदवी न दाखवता.

हे मधल्या काळात घडलं कसं? याद्यांमुळे. राज्यघटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण मतदारयाद्यांचं काम त्याच्या आधीच, १९४८ मध्ये सुरू झालं होतं. इतिहासकार ऑर्निट शानी यांचं यावर अख्खं पुस्तक आहे. कल्पना करा, फाळणीचे निर्वासित अजून छावण्यांत आहेत, संस्थानं विलीन होतायत, आणि कारकून दारोदार फिरून प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव लिहितोय. कर विचारत नाही, शाळा विचारत नाही. घटनेतल्या ३२६ व्या कलमाने नंतर त्यावर शिक्का मारला. पहिल्या निवडणुकीला, म्हणजे १९५१-५२ ला, मतदार झाले १७ कोटी ३२ लाख. साडेतीन कोटींवरून सतरा कोटी! आपल्या भाषेत सांगायचं तर एका रिलीजमध्ये युजर पाचपट, आणि सर्व्हर बसला नाही.

अडचणी आल्याच. सगळ्यात मोठी बायकांच्या नावांची. कित्येक ठिकाणी बायका परक्या पुरुषाला आपलं नाव सांगेनात. यादीत लागायचं 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव असेल तरच नोंद राहील. पुन्हा संधी दिली, मुदत वाढवली, तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इथल्या. कठोर वाटतं ना? मलाही वाटलं. पण पुढच्या निवडणुकीला बायकांना आपल्या नावाने यावं लागलं.

हे आजीला सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं उलट. स्वतःचं नाव सांगितलं, पण नवऱ्याचं घेईनात! कारकून विचारतोय, या गप्प. शेवटी शेजारणीने कुंपणावरून ओरडून सांगितलं." आमच्या घरातला मतदानाचा सगळ्यात जुना पुरावा हाच. कागद नाही, शेजारणीचा आवाज.

आणि वाचता न येणाऱ्यांनी मत दिलं कसं? तेव्हा देशात शंभरातले जेमतेम अठरा साक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिका घ्यायची, आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, बस. कित्येक पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. मला यातली डिझायनिंगची नजर फार आवडली. युजरला वाचता येत नाही म्हणून त्याला हाकललं नाही, इंटरफेस बदलला.

आता येतो माझ्या जांभळ्या पेनाकडे. विद्यापीठाची ती जुनी जागा गेली, पण तिचं बी उरलं. घटनेच्या १७१ व्या कलमात विधान परिषदेसाठी पदवीधर मतदारसंघ आहेत. सातऐवजी तीन वर्षं जुनी पदवी पुरते. महाराष्ट्रात परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या पदवीधरांना असंच जादा मत होतं, ते त्यांनी १९४८ च्या कायद्याने बंद केलं. आपण ठेवलं. बाजूने बोलायचं तर हेतू समजण्यासारखा आहे, अभ्यासू माणसं सभागृहात यावीत. पण खरी गंमत ऐका. मत द्यायला पदवी लागते, उमेदवाराला लागत नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच तसं स्पष्ट केलंय.

मग मी ते मत देणं सोडणार का? खरं सांगू, नाही. कायद्यात आहे, नाव आहे, देईन. पण ते माझ्या हुशारीचं बक्षीस आहे असं आता वाटत नाही. मी शिकलो कारण माझी धाकटी भावंडं सांभाळायला घरात कोणीतरी होतं. बऱ्याचदा ती आजीच होती.

आणि ३२ रुपयांची पट्टी पूर्ण गेली असंही समजू नका. आमच्याकडे एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा एक ओळखीचा ऑपरेटर आहे, झारखंडचा. सात-आठ वर्षं इथल्याच खोलीत राहतो. मत गावाकडे, आणि मतदानाला गावी जायचं तर आठवड्याची मजुरी बुडते. मी म्हटलं, इथे नाव लाव. तो म्हणाला, "खोलीवाला कागद देत नाही." म्हणजे पट्टी पुन्हा घराच्या कागदावर आली. कायदा मात्र तसं म्हणत नाही. जिथे नेहमी राहता तिथे नाव लागू शकतं. ज्याला घरच नाही, अशा माणसाचीही नोंद होते. तो खरंच तिथे झोपतो का हे कर्मचारी रात्री येऊन बघतो, पत्त्याचा कागद मागत नाही. आम्ही दोघांनी बसून त्याचा अर्ज भरला. एक चक्कर फुकट गेली, दुसऱ्या वेळी काम झालं.

म्हणून आजचं काम सांगतो, दहा मिनिटांचं आहे. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचं नाव शोधा. नवीन नाव लावायला सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलायला आठ नंबरचा. वर्षातून आता चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. आणि स्वतःचं झालं की घरातल्या, शेजारच्या खोलीतल्या एकाचं बघा. ज्याला फोनवर जमत नाही त्याचं आधी.

जाता जाता. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. पुन्हा तीच शाळा, तीच रांग, या वेळी ऊन जरा बरं. आजीने माझा हात धरला होता. रांगेत मध्येच विचारलं, "आज तुझी मतं किती?"

मी म्हटलं, "एक."

"माझं?"

"एक."

"बरं," म्हणाली, आणि माझा हात सोडून आत गेली.

तो ग्रुपवरचा अंगठा मी त्याच संध्याकाळी काढला. सहा महिन्यांनी कोण बघतंय म्हणा, पण काढला. तुमच्या आजी-आजोबांचं पहिलं मतदान कसं होतं, ते विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. लायब्ररीत खंड राहतील, हे आवाज राहणार नाहीत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!